राहून गेलेली युद्धपदके: माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

मी फौजेत क्लार्क होतो. बंदूक चालवली ती वर्षातून एकदा फायरिंग रेंजवर, बाकी सगळी नोकरी टाइपरायटर आणि रजिस्टरांत गेली. घरी आल्यापासून आसपासचे माजी सैनिक, त्यांची मुले, सुना, नातवंडे जुनी कागदपत्रे पिशवीत घालून येतात. लढाई वेगळी, पलटण वेगळी, पण प्रश्न तेच ते. म्हणून एकदाचे लिहून काढले.

माझे वडील ७१ च्या लढाईत होते. त्यांना एकही मेडल मिळाले नाही. आता मिळू शकते का?

बहुतेक वेळा हो. पण आधी कोणते मेडल म्हणता ते सांगा, कारण पदके दोन जातीची असतात आणि लोक नेमके तिथेच घोळ घालतात.

एक जात हक्काची. अमुक तारखेला अमुक भागात तुम्ही पलटणीच्या हजेरीवर होता, तर ते पदक तुमचे. त्यासाठी कोणी शिफारस करावी लागत नाही, शौर्य सिद्ध करावे लागत नाही. स्वयंपाकी, ड्रायव्हर, वायरलेसवाला, सीओ साहेब (पलटणीचे कमांडिंग ऑफिसर), सगळ्यांना तेच. दुसरी जात शौर्याची: परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, सेना मेडल. ती शिफारशीवर मिळतात आणि शिफारस वरपर्यंत मंजूर व्हावी लागते.

पहिल्या जातीचे राहिलेले मेडल पन्नास वर्षांनीही मागता येते. ती मागणी म्हणजे जुनी बाकी वसूल करणे. दुसऱ्या जातीचे मागणे म्हणजे बंद झालेली फाईल उघडायला लावणे. एकाच अर्जात दोन्ही लिहिली, तर शौर्याच्या मागणीसाठी तो अर्ज टेबलामागून टेबल फिरतो आणि हक्काचे मेडलही त्याच्याबरोबर अडकते. मी पाहिलेल्या फसलेल्या अर्जांतले निम्मे याच पायी फसले. दोन मागण्या असतील तर दोन अर्ज करा, वेगवेगळ्या पाकिटांत.

कोणत्या लढाईचे कोणते मेडल?

१९६५ पासून एक रीत दिसते. प्रत्यक्ष रणक्षेत्रात असलेल्यांना स्टार, म्हणजे तारा, आणि देशभर सज्ज असलेल्या फौजेला गोल मेडल. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. १९७१ साठी पूर्वेकडच्या आघाडीला पूर्वी स्टार, पश्चिमेकडच्या आघाडीला पश्चिमी स्टार, आणि त्या काळात सेवेत असलेल्यांना संग्राम मेडल. कारगिलसाठी ऑप विजय स्टार आणि ऑप विजय मेडल. २००१-०२ मध्ये संसदेवरच्या हल्ल्यानंतर सीमेवर जी फौज उभी राहिली, तिच्यासाठी ऑप पराक्रम मेडल.

म्हणजे जमालपूरला लढलेल्या १ मराठाचा शिपाई किंवा ११ डिसेंबरला टांगाईलला छत्रीने उतरलेल्या २ पॅराचा जवान असेल तर पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल, दोन्ही. छातीवर फक्त संग्राम असेल आणि माणूस तर पूर्व बंगालच्या चिखलातल्या गोष्टी सांगत असेल, तर समजायचे की तारा राहिला.

श्रीलंकेत शांतिसेनेत गेलेल्यांसाठी स्पेशल सर्व्हिस मेडल आहे, त्यावर ‘श्रीलंका’ असा क्लास्प. क्लास्प म्हणजे रिबनवर बसणारी धातूची आडवी पट्टी. सियाचीनचे मेडल वेगळे, जास्त उंचीवरच्या सेवेचे वेगळे. सैन्य सेवा मेडलवर जम्मू-काश्मीर, हिमालय, मरुस्थल असे क्लास्प भागाप्रमाणे लागतात. शिवाय ९, २० आणि ३० वर्षे सेवेची मेडल्स आणि स्वातंत्र्याच्या वर्धापनांची मेडल्स. ती लढाईची नव्हेत, पण अर्ज करतच आहात तर त्यांचीही खातरजमा करून घ्या.

आजोबा १९६२ ला नेफात (आजच्या अरुणाचलात) होते. त्या लढाईचे मेडल सरकारने काढलेच नाही, असे ते म्हणतात. खरे का?

अर्धे खरे. ६२ साठी नवे मेडल निघाले नाही. पण जनरल सर्व्हिस मेडल १९४७ या पदकावर ‘लडाख १९६२’ आणि ‘नेफा १९६२’ असे क्लास्प दिले गेले. त्याच मेडलवर १९४७-४८ च्या जम्मू-काश्मीरचा, नागा टेकड्यांचा, कोरियाचा आणि ‘गोवा १९६१’ चाही क्लास्प आहे. आजोबांकडे आधीच ते मेडल असेल तर मागायचा तो फक्त क्लास्प. गंमत अशी की खूप घरांत मेडल आहे आणि क्लास्प नाही. क्लास्पशिवाय ते कोणत्या लढाईचे हे ओळखताच येत नाही, म्हणून घरच्यांना वाटते की ते असेच कसलेतरी सेवेचे असेल.

लढाईत असूनही नाव राहतेच कसे?

हा प्रश्न मला आवडतो, कारण याचे उत्तर कळले की अर्ज कसा लिहायचा तेही कळते.

सगळ्यात जास्त दिसणारे कारण म्हणजे अटॅचमेंट. माणूस कागदावर एका पलटणीत, आणि अंगाने दुसरीकडे. समजा त्याची मूळ युनिट जबलपूरला शांत छावणीत बसली आहे आणि त्याला एकट्याला, किंवा पाच-सहा जणांना, सीमेवरच्या ब्रिगेडला जोडून दिले आहे. लढाई संपली, तो परत आला. आघाडीवरच्या युनिटने मेडलची यादी केली ती आपल्या हजेरीपटावरून, त्यात हा नाही. मूळ युनिटने यादी केली, तेव्हा ती तर रणक्षेत्रात नव्हतीच. दोन्हीकडचे क्लार्क आपापल्या परीने बरोबर, आणि माणूस मधल्या फटीत. सिग्नलवाले, ईएमईचे (वाहने-यंत्रे दुरुस्त करणाऱ्या कोअरचे) मेकॅनिक, मेडिकल कोअरचे नर्सिंग असिस्टंट, ड्रायव्हर यांच्यात हे फार झाले.

दुसरे कारण वेळेचे. मेडल जाहीर होते, मग टाकसाळीत पाडले जाते, मग त्यावर नाव कोरून रेकॉर्ड ऑफिसला येते. यात वर्षे जातात. तोवर माणूस घरी. तेव्हाची नोकरी काही वर्षे कलर सर्व्हिस (प्रत्यक्ष नोकरी) आणि मग रिझर्व्ह (घरी, पण बोलावले तर हजर) अशी असायची, त्यामुळे ७१ ची लढाई खेळून लगेच गावी आलेले खूप. पार्सल जुन्या पत्त्यावर गेले. गाव धरणात गेलेले, किंवा माणूस मुंबईला गिरणीत लागलेला. पार्सल परत.

तिसरे, बदली. एका रेजिमेंटमधून दुसऱ्या कोअरमध्ये गेलेल्याचे कागद मागून आले, आणि मधले एखादे पान आलेच नाही.

चौथे म्हणजे आम्ही क्लार्क लोक. सैन्य क्रमांकात आकड्यांनंतर एक इंग्रजी अक्षर असते. ते चुकले, किंवा सहाचा आठ झाला, की मेडल भलत्याच्या नावावर. माझ्या हातूनही अशा चुका झाल्या असणार. त्या कोणाला भोवल्या ते मला कधी कळणार नाही.

सुरुवात कुठून करू?

डिस्चार्ज बुकापासून. पेन्शनचे पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नव्हे, डिस्चार्ज बुक, म्हणजे सेवामुक्त होताना मिळालेले नोंदींचे पुस्तक. पुष्कळ घरांत ते देव्हाऱ्याच्या मागे नाहीतर पत्र्याच्या ट्रंकेत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले असते. हळू उघडा, घडीवर फाटते. त्यात मेडल्सची नोंद असते. तिथे तीनपैकी एक गोष्ट दिसेल.

मेडलचे नाव लिहिलेले आहे पण मेडल घरी नाही. मग काम सोपे: हक्क मान्य झालेला आहे, फक्त वस्तू मागायची आहे.

मेडलचे नावच नाही. मग आधी हक्क सिद्ध करायचा, वस्तू नंतर.

किंवा नाव आहे, पुढे कोणीतरी पेन्सिलीने काहीतरी खरडले आहे. त्या पेन्सिलीकडे दुर्लक्ष करू नका. एका नाईक साहेबांच्या पुस्तकात पश्चिमी स्टारसमोर पुसट टिकमार्क आणि तारीख होती. त्यावरून कळले की मेडल १९७० च्या दशकात पाठवले गेले होते आणि परत आले होते. अर्जात ती तारीख लिहिली म्हणून ऑफिसला नेमके कोणते रजिस्टर काढायचे ते कळले. पुस्तकाच्या प्रत्येक पानाचा, कोऱ्या पानांसकट, मोबाईलने उजेडात फोटो काढून ठेवा. आणि मूळ पुस्तक पोस्टाने कोणालाही पाठवू नका. कोणालाही म्हणजे कोणालाही.

अर्ज कोणाला करायचा? दिल्लीला?

नाही. जवान आणि जेसीओ (सुभेदार वगैरे) असतील तर त्यांच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसला. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचे पुण्यात खडकीला, गार्ड्सचे कामठीला, रणगाडा दलाचे अहिल्यानगरला, सिग्नल्सचे जबलपूरला, ईएमईचे सिकंदराबादला, मेडिकल कोअरचे लखनौला. नौदलाच्या खलाशांचे रेकॉर्ड मुंबईत मानखुर्दला, हवाई दलाच्या एअरमनचे दिल्लीत सुब्रतो पार्कला. अधिकाऱ्यांचे मात्र दिल्लीत, सेना मुख्यालयाच्या अखत्यारीत.

इथे एक खड्डा आहे. २ पॅरा ही मूळची मराठा पलटण, नावातही तेव्हा ‘मराठा’ होते, म्हणून घरचे बेळगावला लिहितात. पण ती पलटण १९५० च्या दशकातच पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. तिचे कागद पॅराच्या रेकॉर्डमध्ये, बंगळूरला. बेळगावहून ‘आमच्याकडे नोंद नाही’ असे उत्तर आले की घरी रडारड. नोंद आहे, दार चुकले.

अर्जाची एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्या आणि आवक शिक्का घ्या. तिथून पाठवलेल्या पत्राला जावक क्रमांक असतो, आणि सरकारी माणूस सरकारी जावक क्रमांकाला जरा जास्त मान देतो. हे काम तिथे फुकट होते. ‘दहा हजारांत मेडल काढून देतो’ म्हणणारे भेटतात, त्यांना चहा पाजून वाटेला लावा.

अर्जात काय लिहू? सगळी लढाई लिहू का?

लढाई अजिबात नको. बर्फ, उपाशीपोटी काढलेले दिवस, शेजारी पडलेला सोबती, हे सगळे खरे आहे, पण मेडलचा कारकून तारीख आणि जागा शोधत असतो. एका पानात बसवा. मी साधारण असा मजकूर देतो:

‘मी अमुक क्रमांक, हुद्दा, नाव. भरतीची तारीख अमुक, सेवामुक्ती अमुक. डिसेंबर १९७१ मध्ये माझी मूळ युनिट अमुक होती. मला अमुक महिन्यापासून अमुक युनिटला जोडले होते आणि मी अमुक भागात कार्यरत होतो. माझ्या डिस्चार्ज बुकात संग्राम मेडलची नोंद आहे, पूर्वी स्टारची नाही. माझ्या शीट रोल आणि पार्ट टू ऑर्डरवरून तपासणी करून पात्रता कळवावी व पदक द्यावे. सोबत डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार यांच्या स्वाक्षांकित प्रती. सध्याचा पत्ता व फोन अमुक.’

शीट रोल म्हणजे सैनिकाचा सेवा-नोंदपट. पार्ट टू ऑर्डर हे शब्दही विसरू नका. सैनिकाच्या आयुष्यातली प्रत्येक गोष्ट, रजा, बदली, लग्न, मूल, जखम, बढती, युनिटच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये छापून रेकॉर्ड ऑफिसला जायची. अटॅचमेंटही त्यातच सापडते. हे शब्द अर्जात असले की समोरच्याला कळते की लिहिणाऱ्याला घरात कुठून शिरायचे ते माहीत आहे. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत करा. मराठीत केला तर बेळगाव-खडकीला कोणीतरी वाचेल, लखनौला पंचाईत.

स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती डिस्चार्ज बुकाच्या झेरॉक्सला टाचणी मारून ठेवा.

सहा महिने झाले, उत्तर नाही.

स्मरणपत्र पाठवा, पहिल्या अर्जाची तारीख आणि पोस्टाचा नंबर घालून. त्यालाही उत्तर नाही, तर माहितीचा अधिकार. शुल्क १० रुपये, पोस्टल ऑर्डर चालते. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. न आल्यास पहिले अपील ३० दिवसांत, दुसरे अपील केंद्रीय माहिती आयोगाकडे ९० दिवसांत. लष्कर या कायद्याच्या कक्षेत आहे. आसाम रायफल्स आणि बीएसएफ मात्र कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. त्यांना भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या तक्रारी सोडून बाकी बाबतींत सूट आहे.

पण आरटीआयने मेडल मिळत नाही, कागद मिळतो. ‘मला पूर्वी स्टार का दिला नाही?’ असे विचारलेत तर ‘ही माहिती या व्याख्येत येत नाही’ असे कोरडे उत्तर येईल. विचारायचे असे: माझ्या शीट रोलची प्रत द्या, सप्टेंबर १९७१ ते मार्च १९७२ मधल्या माझ्याबद्दलच्या पार्ट टू ऑर्डरच्या प्रती द्या, माझ्या नावावर नोंदलेल्या पदकांची यादी आणि ती रवाना केल्याची तारीख द्या. जी वस्तू कपाटात आहे तीच मागायची.

‘रेकॉर्ड नियमाप्रमाणे नष्ट केले’ असे उत्तर आले. संपले का?

पेन्शन न मिळणाऱ्यांची कागदपत्रे साधारण २५ वर्षांनी नष्ट करतात, आणि मुदत संपून सुटलेल्या अधिकाऱ्यांना किंवा रिझर्व्हमधून परस्पर नाव कमी झालेल्या जवानांना हा फटका बसतो. पेन्शनरला असे उत्तर आले असेल तर शंका घ्या आणि पुन्हा विचारा, कारण पेन्शन चालू आहे म्हणजे कुठेतरी कागद जिवंत आहे.

खरोखरच नष्ट झाले असेल तर ओझे तुमच्यावर येते. मग घरातले सगळे बाहेर काढायचे: त्या काळची आंतर्देशीय पत्रे (फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का आणि तारीख असलेली), मनीऑर्डरच्या पावत्या, हॉस्पिटलचे डिस्चार्ज स्लिप, ग्रुप फोटो ज्याखाली युनिटचे नाव आणि साल छापलेले असते. एका आजींनी नवऱ्याची पत्रे साडीच्या घडीत ठेवली होती. मजकुरात होते ते ‘बैल विकू नका, धाकट्याला शाळेत घाला’ एवढेच. कामाला आला तो शिक्का.

युनिटची युद्ध-दैनंदिनी, म्हणजे वॉर डायरी, हाही पुरावा आहे. २०२१ च्या जूनमध्ये संरक्षण मंत्रालयाने धोरण केले की असे दस्तऐवज साधारण २५ वर्षांनी खुले करण्याचा विचार व्हावा. पण वॉर डायरीत शिपायांची नावे क्वचित सापडतात. कंपनी कुठे होती हे मात्र कळते, आणि तुमची कंपनी दुसरीकडून सिद्ध झाली असेल तर तेवढे पुरते.

सोबत्यांचे शपथपत्र चालते का?

आधार म्हणून चालते, एकटे चालत नाही. एका अधिकाऱ्याचे असेल, आणि तो त्या वेळी तुमचा कंपनी कमांडर असेल, तर वजन येते. चार सोबत्यांनी एकाच टायपिस्टकडून एकाच शब्दांत करून घेतलेली शपथपत्रे पाहिली की मला त्या टायपिस्टचे कौतुक वाटते, पुराव्याचे नाही. प्रत्येकाने स्वतःला आठवते तेवढेच लिहावे. विसंगती निघाली तरी चालेल. दोन म्हाताऱ्यांना एकच गोष्ट हुबेहूब आठवत नसते.

वडील वारले. आई किंवा मी अर्ज करू शकतो का?

हो. फॅमिली पेन्शन घेणारी पत्नी असेल तर तिच्याच नावाने करा, तिचे नाव रेकॉर्डमध्ये आधीच आहे. ती नसेल तर मुलगा किंवा मुलगी. मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि इतर भावंडांची ना-हरकत जोडा. भावंडांचा मुद्दा हलका घेऊ नका. जमिनीवरून न भांडलेली भावंडे बापाच्या मेडलवरून भांडताना मी पाहिली आहेत.

सीओ साहेबांनी वडिलांचे नाव वीर चक्रासाठी पाठवले होते, असे सगळी पलटण सांगते. मिळाले नाही. त्याचे काय?

हे सगळ्यात अवघड, आणि यात खोटी आशा देणारे फार.

शौर्याची शिफारस, म्हणजे सायटेशन, सीओ लिहितो. ती ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड, सेना मुख्यालय अशी चढते, मग संरक्षण मंत्रालयाची समिती आणि शेवटी राष्ट्रपती. प्रत्येक पायरीवर ती गळू शकते, खालच्या पदकावर आणली जाऊ शकते, किंवा कोणत्याही वाईट हेतूशिवाय तिथेच थांबू शकते. १९४७ पासून आजपर्यंत परमवीर चक्र अवघ्या २१ जणांना मिळाले, त्यात ७१ चे चार: अल्बर्ट एक्का, निर्मलजीतसिंग सेखों, अरुण खेत्रपाल आणि होशियार सिंग. ही संख्या पाहिली की किती शिफारशी वाटेत राहिल्या असतील याचा अंदाज येतो.

जुनी लढाई पुन्हा उघडून शौर्यपदक देण्याची वहिवाट आपल्याकडे नाही. न्यायालयेही कोण किती शूर हे ठरवायला सहसा बसत नाहीत. म्हणून मी आधी दुसरीच गोष्ट तपासायला सांगतो: पदक मंजूर होऊन हातात आले नाही, असे तर झाले नाही ना? शौर्यपदके भारताच्या राजपत्रात छापली जातात. ‘मेन्शन इन डिस्पॅचेस’ हाही असाच राजपत्रात येणारा सन्मान. त्याचे वेगळे मेडल नसते, त्या लढाईच्या मेडलच्या रिबनवर छोटे चिन्ह लागते. घरच्यांना त्याचा पत्ताच नसतो. नावाऐवजी सैन्य क्रमांकाने शोधा, कारण राजपत्रातले मराठी आडनाव वाचून तुमचे तुम्हालाच ओळखू येणार नाही.

राजपत्रात नाव नसेल, तर सायटेशनची प्रत मागा. सापडली तर घरात फ्रेम करून लावण्यासारखा कागद आहे तो. पदक मिळाले नाही तरी त्यांच्या साहेबाने त्यांच्याबद्दल काय लिहिले होते हे नातवंडांना वाचता येते.

अमेरिकेत म्हणे साठ वर्षांनी पदक दिले.

दिले. पॅरिस डेव्हिस या अधिकाऱ्याची व्हिएतनाममधली लढाई जून १९६५ ची, सर्वोच्च पदक मिळाले मार्च २०२३ मध्ये. मधल्या काळात त्याच्या शिफारशीचे कागद गहाळ झाले होते. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात आर्क्टिक समुद्रातल्या ताफ्यांवर गेलेल्यांसाठी आर्क्टिक स्टार काढला तो २०१३ साली. पण अमेरिकेत काँग्रेसच्या सदस्यामार्फत मुदतीबाहेरची शिफारस विचारात घ्यायला लावण्याची कायद्यातच सोय आहे. आपल्याकडे तशी असावी असे मला वाटते. मला वाटून तुमचा अर्ज पुढे सरकत नाही, म्हणून परदेशी बातम्यांची कात्रणे अर्जाला जोडू नका.

लढाईत गोळी लागली होती. त्याचे काही?

शत्रूच्या कारवाईत थेट जखमी झालेल्यांसाठी घाव पदक आहे, त्याला पराक्रम पदक असेही म्हणत. त्यासाठी ‘बॅटल कॅज्युअल्टी’, म्हणजे लढाईत जखमी, अशी नोंद हवी. आणि ती नोंद असेल तर मेडलच्या आधी पेन्शन तपासा: साधी सेवा-पेन्शन चालू आहे की अपंगत्वाची की वॉर इंज्युरीची? मेडल मागायला आलेल्या एका हवालदारांच्या मांडीत अजून छर्रा होता आणि पेन्शन साधी. मेडलची फाईल बाजूला ठेवून आम्ही आधी ते काम हातात घेतले.

मेडल मिळाले तर पैसे मिळतात का?

हक्काच्या युद्धपदकांना नाही. शौर्यपदकांना केंद्राचा मासिक भत्ता आहे. २०१७ पासूनच्या दराने वीर चक्राला ७,००० आणि शौर्याच्या सेना मेडलला २,००० रुपये. हक्काच्या मेडलचा धातू चांदीचा नसतो, तेव्हा सोनाराकडे जाऊ नका. असे विचारणारे भेटले आहेत म्हणून लिहिले.

रेकॉर्ड ऑफिसने लेखी नकार दिला. कोर्टात जाता येते का?

सशस्त्र दल न्यायाधिकरणात जाता येते. कायदा २००७ चा. महाराष्ट्रासाठी खंडपीठ मुंबईत. अंतिम नकारापासून सहा महिन्यांची मुदत आहे, उशीर झाला असेल तर तो माफ करण्याचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. कागद पक्का असेल तरच जा. पुराव्यात भोक असेल तर वकिलाच्या फीमध्ये आजोबांची दोन वर्षे जातात, आणि ऐंशी-पंच्याऐंशीच्या माणसाकडे वर्षे मोजकीच असतात.

मेडल मिळाले होते, हरवले. बाजारातून घेतले तर?

छावणीजवळच्या दुकानांत हुबेहूब मेडल्स मिळतात. टाकसाळीतून येणारी मेडल्स इतकी रखडत की नोकरीतले जवानसुद्धा परेडला तीच लावायचे. तुमच्या हक्काचे असेल तर लावा, लाज वाटायचे कारण नाही. हक्काचे नसलेले लावून मिरवणे आणि फसवणे मात्र गुन्हा आहे. अधिकृत दुसरी प्रत हवी असेल तर हरवल्याची पोलिसांतली नोंद आणि शपथपत्र घेऊन रेकॉर्ड ऑफिसलाच लिहा. पैसे भरावे लागू शकतात.

वडिलांना नोकरीतून काढले होते. तरी?

शिक्षेत पदके जप्त केली होती का यावर आहे. कोर्ट मार्शलचा निकाल वाचल्याशिवाय अर्ज करू नका. आधी घरात विचारा, मग ऑफिसला. घरात विचारणे जास्त अवघड आहे हे मला माहीत आहे.

मेडल पोस्टाने आले! आता?

पाकीट पोस्टमनसमोरच उघडा. गोल मेडल असेल तर कड बघा, तारा असेल तर पाठ: क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. अक्षरे बारीक, भिंग घ्या. चूक असेल तर लगेच पत्राने कळवा आणि मागितले तर परत पाठवा.

आमच्या तालुक्यातल्या एका निवृत्त नाईकांचा पश्चिमी स्टार त्रेपन्न वर्षांनी आला. त्यांनी भिंगातून वाचले, मला वाचायला दिले, पुन्हा स्वतः वाचले. सैन्य क्रमांकाचे शेवटचे अक्षर चुकले होते. ऑफिसने परत मागवले. तेव्हा डिसेंबरची आठ-दहा तारीख होती. ‘सोळाला विजय दिवस आहे,’ ते म्हणाले, ‘सतराला पाठवू.’ सोळाला ते स्मारकापाशी कोट घालून उभे होते, तारा डाव्या छातीवर. सतराला सकाळी साडेदहाला आम्ही पोस्टात गेलो. रजिस्टरची पावती माझ्याकडे फाईलला लावलेली आहे. दुरुस्त होऊन अजून यायचा आहे.